बाईंच्या घडीचा बारका काटा

“थांबा. काटा वर येऊ द्या.”

माणूस तापानं फणफणलेला असो, विंचू चावून ओरडत असो की नुसताच जुन्या ओळखीनं डोकावलेला असो, बाईंचं पहिलं वाक्य हेच असे. उजव्या हाताची तीन बोटं समोरच्याच्या मनगटावर, डावा हात कोपरात मुडपून डोळ्यांपुढे, ओठ मिटलेले. मग पुरतं मिनिटभर दवाखान्यात कोणी बोलायचं नाही. बाहेर गाडीला जुंपलेला बैल हंबरला, तर बाई त्याच्याकडे अशा बघत की तोही पुढचा आवाज गिळून टाकी.

रोज सकाळी पहिला रुग्ण मी असे. मला काही झालेलं नसे. मी तिथला कंपाउंडर, वय तेवीस, प्रकृती ठणठणीत. पण बाई आल्या आल्या म्हणत, “भाऊ, हात द्या.” मी हात देई. काटा वर येई, एक फेरा पुरा होई आणि बाई मान डोलावत. “बहात्तर. घडी बरोबर हाय.”

लक्षात आलं ना? तपासणी माझी नव्हती, घड्याळाची होती.

अल्लापल्लीहून एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सागाच्या जंगलात आमचं गाव. दवाखाना म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि एक पडवी. डॉक्टरसाहेब पंधरवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस बाई आणि मी. प्रांताचा कारभार अजून नागपुरातून चालत होता आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत.

बाई सरकारी नर्स, ब्रह्मपुरीकडच्या, धानाच्या मुलखातल्या. वय चाळिशीच्या आसपास. उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. अंगावर पांढरं पातळ आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवर त्या सात-आठ मैल सहज चालत, आणि मागून धापा टाकत येणाऱ्या मला म्हणत, “भाऊ, तुम्ही बाटल्यातच बरे.” घरी कोण आहे, लग्नाचं काय झालं, हे त्या सांगत नसत, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

दवाखान्यात भिंतीवर एक घड्याळ होतं, पण त्याला दोनच काटे. नाडी मोजायची तर सेकंदाचा काटा हवा. डॉक्टरसाहेबांच्या मनगटावर तो होता. ते गेले की सेकंद त्यांच्याबरोबर जात. मग बाई बोटांच्या अंदाजावर चालत, आणि दर वेळी मनगट सोडताना त्यांच्या कपाळावर एक आठी राही. ती आठी कशाची, हे मला पुढं कळलं.

वर्षाची औषधं आणायला आम्ही दोघं एकदा चांद्याला गेलो होतो. खोकी मोटारीवर चढवायला वेळ होता, म्हणून बाजारातून फेरी मारली. एका कोपऱ्यात एक म्हातारा पोतं पसरून बसला होता. पोत्यावर गंजलेली कुलपं, कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, एका दांडीचा चष्मा, कंदिलाच्या काचा. बाई त्या पसाऱ्यापाशी अशा थांबल्या की मी मागून त्यांच्यावर आदळलो.

किल्ल्यांच्या ढिगात एक मनगटी घड्याळ पडलं होतं. काच नाही, पट्टा नाही, पांढरी तबकडी चहाच्या डागासारखी पिवळट झालेली. पण सहाच्या आकड्यापाशी सेकंदांचा, नखाएवढा एक वेगळा घेर होता, त्यावर बारीक रेघा.

“सायबाची घडी हाय बाई,” म्हातारा म्हणाला. “जंगलातल्या गोऱ्या सायबाची. जातानी खानसाम्याले देऊन गेला.”

“चालते का?”

“चालत तं नाई. पण मेली बी नाई.”

बाईंनी घड्याळ उचललं, हलवलं आणि कानाला लावलं. मग माझ्या कानाला लावलं. आत दहा-बारा वेळा टिकटिक झालं आणि थांबलं.

“आयकलं? जीव हाय.”

“बाई, नवंच घ्या ना,” मी म्हणालो. “चांगल्या दुकानातलं.”

“नवी घेतली तं नाल्यात उतरतानी माझं सारं ध्यान घडीतच राह्यन. ही बरी. ही आधीच सारं भोगून आली हाय.”

मग भाव ठरवणं सुरू झालं. घड्याळ बंद होतं म्हणून बरं, नाहीतर किती वेळ गेला ते कळलं असतं.

तिथून आम्ही जटपुरा दरवाज्याकडे एका घड्याळजीकडे गेलो. पुढं दुकान म्हणावं तर एक फळी, तिच्यावर काचेची पेटी, आणि मागं डोळ्यात भिंग खोचलेले एक म्हातारे चाचा. त्यांनी सुरीच्या टोकानं मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि भिंग काढून बाईंकडे पाहिलं.

“बाई, ये घडी नहीं, मय्यत है.”

“मयताले कान लावा एकदा.”

चाचांनी कान लावला. भिंग परत डोळ्यात गेलं. आतली चावीची मोठी कमान तुटली होती, तेलाचा डिंक झाला होता, आणि चाकांमध्ये एक वाळलेली मुंगी होती. चाचा ती मुंगी काढायला गेले, तर त्यांचा हात जरा थरथरला. बाईंनी पिशवीतून स्वतःचा चिमटा काढला, “सरका थोडं” म्हणाल्या आणि मुंगी अलगद उचलून फळीवर ठेवली. एकही चाक हललं नाही. चाचांनी चिमट्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“कहाँ सीखा?”

“मानसाईवर.”

त्या एका शब्दानंतर चाचांनी बाईंना बसायला स्वतःचा स्टूल दिला. एकेक भाग काढताना ते नाव सांगत, बाई नीट बघून ठेवत. कमान नागपूरहून मागवावी लागणार होती. दीड महिन्यानं या, असं ठरलं.

परतीची मोटार नदीपाशी थांबली. आष्टीच्या घाटावर वैनगंगा डोंग्यानं ओलांडायची होती. डोंगा मध्यावर आला तेव्हा पाण्याकडे बघत त्या आपणहून बोलल्या.

“आधीच्या गावी एक बाई होती भाऊ. बाळंत होऊन दोन दिवस झालेली. मी नाडी पायली. जरा भरभर वाटली. घडी नोयती. म्हटलं, थकली असन. ठीक हाय म्हून सांगून आली.” मग म्हणाल्या, “ठीक नोयतं. सांजच्याले गेली. तिचा नवरा माझ्या पाया पडला, तुम्ही खूप केलं म्हून. थो पाया पडला तेच मले सोसलं नाई.”

डोंगेवाल्यानं वल्हं टाकलं, किनारा आला, आणि बाईंनी औषधाची दोन खोकी एकदम उचलली.

दीड महिन्यानं उरलेली औषधं आणायला पुन्हा जाणं झालं. चाचांनी घड्याळ मखमलीच्या फडक्यावर ठेवून पुढं केलं. नवी काच, नवी कमान, कातड्याचा पट्टा. टिकटिक रस्त्यावरच्या टांग्यांच्या आवाजातही ऐकू येत होती. बाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. सहाच्या आकड्यावरच्या त्या बारक्या घेरात नुसती खुंटी फिरत होती, काटा नव्हताच.

“चाचा, इथचा काटा?”

“वो तो शौक की चीज है बाई. इस माडल का मिलता नहीं. टाइम तो बराबर बताएगी.”

“टाइम घेऊन काय करू? टाइम तं कोंबडा बी सांगते. मले सेकंद पायजे.”

चाचा समजूत काढू लागले. बाई स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी चाचांनी अडचण सांगितली: पितळी पत्रा घासून काटा करता येईल, पण खुंटीवर बसवायला केसाएवढी पोकळ नळी लागते, ती कुठून आणायची? बाईंनी पिशवी उघडली. इंजेक्शनच्या मोडक्या, वाकलेल्या सुया त्यांच्याकडे एका डबीत कायम असत. टाकून द्यायचा त्यांना धीर होत नसे. त्यातली सगळ्यात बारीक सुई त्यांनी चाचांच्या तळहातावर ठेवली.

चाचा हसले. मग दुपारचं जेवण विसरून बसले. सुईचा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान तुकडा कापला, त्याला पितळेचा काटा जोडला, तो घासून घासून इतका बारीक केला की मला दिसेनासा झाला. खुंटीवर बसवला आणि घड्याळ बाईंपुढं धरलं. काटा जरा वाकडा होता, पण फिरत होता. बाईंनी लगेच चाचांचं मनगट पकडलं.

“थांबा. काटा वर येऊ द्या.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते तिथं. चाचांची नाडी भरली चौऱ्याऐंशी. “भुकेची हाय,” बाई म्हणाल्या. “आता जेवा.”

घड्याळ दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढं जाई. बाईंना त्याचं काही नव्हतं. दहा मिनिटं दिवसभराच्या सगळ्या मिनिटांत वाटली तर एकेकीच्या वाट्याला अर्धा सेकंदही येत नाही, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे एवढं घड्याळ हाती असून मोटार कधी येणार, हे त्या माझ्याच तोंडून ऐकत. आसपासच्या टोल्यांवर, माडिया आदिवासींच्या त्या पाड्यांवर, मात्र त्या घडीचा बोलबाला झाला. लोक दुखणं सांगायच्या आधी मनगट पुढं करत आणि विचारत, “घडी का म्हनते?” एका माडिया आजोबांनी तर आपल्या आजारी बकरीचा पाय पुढं केला. बाईंनी तिचीही नाडी मोजली. आकडा सांगितला नाही, एवढंच.

दिवाळीनंतरची गोष्ट. धान कापणीला आलं होतं. सकाळी नऊच्या सुमारास एक माडिया तरुण पडवीत येऊन उभा राहिला. नाल्यापलीकडच्या टोल्यावरून धावत आला होता. बायकोला आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. मोडक्यातोडक्या मराठीत तो एवढंच म्हणाला, “बाई, घडी घेऊन चल.”

आम्ही गेलो. झोपडीत पोरगी बाजेवर थकून निपचित पडली होती. तिची सासू, टोल्यातली जाणती सुईण, उशाशी बसली होती. ती माडियात काहीतरी म्हणाली. नवऱ्यानं सांगितलं, आई म्हणते अजून वेळ आहे, सगळं बरोबर आहे. बाईंनी मान डोलावली, पिशवीतून लाकडी नळी काढली, तिचं रुंद तोंड पोरीच्या पोटावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि डावा हात डोळ्यांपुढं आणला.

एक फेरा झाला. बाईंनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग मान वर करून म्हणाल्या, “भाऊ, हात द्या.”

मी हात दिला. त्या मोजू लागल्या, आणि अर्ध्यावरच माझा हात त्यांनी झटकून टाकला. “तुम्ही आज कामाचे नाई. एकशे दहा धावून राह्यले.”

घड्याळ कानाला लावून त्यांनी क्षणभर ऐकलं. माझ्याकडे पाहिलं ते डोंग्यात त्या बाळंतिणीची गोष्ट सांगतानाच्या डोळ्यांनी. “लेकराचं काळीज एकशे चाळीसच्या घरात पायजे. हे शंभर बी नाई. भाऊ, मी अंदाजानं नाई सांगून राह्यली. मोजून सांगून राह्यली. अहेरीले न्या लागते.”

सासूला बाईंनी हात धरून बाजूला नेलं. काय बोलल्या, कोणत्या भाषेत बोलल्या, देव जाणे. म्हातारीनं बाईंच्या मनगटाकडे पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे, आणि स्वतःच बाजेचा एक पाय उचलला.

पोरीला डाव्या कुशीवर वळवून आम्ही बाज उचलली. नाल्याला अजून कमरेएवढं पाणी होतं. बाई आघाडीला, डाव्या हातानं बाजेचा पाय खालून तोललेला. मध्यावर माझा पाय घसरला, बाज कलली, आणि बाईंनी ती सावरली खरी, पण त्यांचा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला.

रस्त्यावर पोचलो तर समोरून सागाचे ओंडके भरलेला ट्रक आला. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “बाई, सरका! माल डेपोत नाई पोचला तं ठेकेदार मले सोडन नाई!”

“मंग माह्या अंगावरून ने गाडी.”

ड्रायव्हर उतरला, बाजेकडे पाहिलं आणि मागची साखळी सोडून वरचे चार ओंडके त्यानं रस्त्याकडेला लोटले. त्या जागेत ताडपत्री अंथरून आम्ही पोरीला निजवलं.

तीनेक मैल गेलो असू. बाईंनी पुन्हा लाकडी नळी लावली, हात डोळ्यांपुढं आणला आणि तसाच धरून राहिल्या. मी वाकून पाहिलं. काचेच्या आत धुकं धरलं होतं. बारका काटा वीसच्या रेघेवर उभा होता. घड्याळ बंद पडलं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले. कान नळीला, एक हात पोटावर. ट्रकच्या त्या घरघरीत त्यांना काय ऐकू येत होतं कोणास ठाऊक. मग त्यांनी डोळे उघडले आणि हाताच्या पंजानं केबिनवर धाडधाड मारलं.

“थांबव! अहेरीपर्यंत नाई थांबत हे. इथीच होते.”

मोहाच्या झाडाखाली ट्रक उभा राहिला. नवरा आणि ड्रायव्हर ताडपत्रीचा आडोसा धरून पाठ फिरवून उभे. आत सासू आणि बाई. मी बाहेर स्पिरिटची बाटली घेऊन, मागितलेलं ते आत देत. किती वेळ गेला सांगता येत नाही, घडी बंद होती. मग पोरीची एक मोठी किंकाळी, आणि त्यानंतर काहीच नाही. नाळ मानेभोवती दोन वेढे घेऊन बसली होती, हे मला मागून कळलं. तेव्हा फक्त बाईंचा श्वास ऐकू येत होता, लहानलहान फुंकरी घातल्यासारखा, आणि तळव्यांवर टिचक्या मारल्याचा आवाज.

आणि मग पोर रडलं. काय रडलं! ड्रायव्हरनं ताडपत्रीच सोडून दिली आणि बाईंच्या दोन शिव्या खाऊन पुन्हा धरली.

मुलगी होती. अहेरीला नेऊन मायलेकींना दाखवलं, दोघी सुखरूप. पण त्याआधी, सासू सुनेला पाणी पाजत असताना, बाई रस्त्याकडेच्या दगडावर येऊन बसल्या. ड्रायव्हर आनंदानं सगळ्यांना बिड्या वाटत होता. बाईंनाही एक दिली आणि मग घाबरून परत घेतली. मग बाईंनी उजवा हात माझ्यापुढं केला.

“भाऊ, माही पहा बरं.”

मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी सुसाट पळत होती, मोजायला माझ्यापाशी काही नव्हतं. मी शहाण्यासारखा आकाशाकडे बघत मिनिटभर थांबलो.

“बहात्तर,” मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “साफ खोटं बोलता भाऊ तुम्ही.” पदरानं डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर बाईंनी पांढऱ्या तामचिनी तबकात घड्याळ उघडलं. चांद्याला जाईपर्यंत आत गंज चढला असता. चाचांनी ज्या क्रमानं भाग काढले होते त्याच क्रमानं त्यांनी काढले, प्रत्येकाचं नाव पुटपुटत. स्पिरिटमध्ये बुडवले, कापसाच्या वातीनं टिपले. मला श्वास रोखून बसायचा हुकूम होता. मी रोखलाही; पण नेमका स्क्रू उचलताना मला शिंक आली. स्क्रू तबकातून उडाला.

मग दोन तास दवाखान्यात झाडू बंद, चालणं बंद. औषधाला आलेले लोकही रांगत शोधू लागले. बकरीवाल्या आजोबांना तो शेणानं सारवलेल्या भेगेत सापडला. त्यांनी तो बोटाच्या टोकावर चिकटवून बाईंपुढं धरला आणि अभिमानानं विचारलं, हे बियाणं कशाचं?

संध्याकाळपर्यंत घड्याळ चालू झालं. तेव्हापासून ते दिवसाला दहा मिनिटं पुढं जायच्या ऐवजी पाच मिनिटं मागं पडू लागलं. “गोऱ्या सायबाची होती,” बाई म्हणाल्या. “आता माही झाली.”

त्यानंतर चारेक वर्षांनी बाईंची बदली सिरोंच्याला झाली, पार गोदावरीच्या काठी. जाताना मोठा समारंभ झाला नाही. सामान एक ट्रंक, एक वळकटी. मोटार उभी असताना टोल्यावरची ती पोरगी आपल्या लेकीला कडेवर घेऊन आली होती. लेकीनं बाईंच्या कानातलं ओढलं. बाई तिला खोटंखोटं रागावल्या, मोटारीत चढल्या आणि खिडकीतून मला म्हणाल्या, “भाऊ, स्पिरिटचं झाकण घट्ट लावत जा. अर्धं उडून जाते.” झालं, एवढंच.

दोन पत्रं आली. पहिल्यात, इथं तेलगू चालतं, मला शिव्या आधी आल्या, बाकीचं शिकते आहे, असं होतं. दुसऱ्यात घडी बरी चालली आहे, मासे खाऊन वजन वाढलं आहे. मग पत्र आलं नाही. मीही आळशी.

पुढं कामानिमित्त मी सिरोंच्याला गेलो, तोवर उशीर झाला होता. आदल्याच वर्षी बाई थोड्याशा आजारानं गेल्या, असं घाटावरच्या नावाड्यानं सांगितलं. मी त्यांच्याबरोबर काम केलेला माणूस, हे कळल्यावर तो वल्हं टाकून उठला आणि मला त्यांची खोली दाखवायला घेऊन आला.

नदीच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, पुढं लांब ओटा. दाराला कुलूप. पण ओट्यावर चार बायका बसल्या होत्या, दोघींच्या मांडीवर तान्ही पोरं. मी नावाड्याकडे पाहिलं.

“नवी नर्स आली ना सायेब,” तो म्हणाला. “तिची खोली तिकडं, शाळेपाशी. पण ह्या बाया तिकडं जात नाईत. बाईंच्या वेळेपासूनची सवय, इथंच येऊन बसतात.”

“मग?”

“मग काय. रोज सकाळी ती नवी नर्सच पिशवी घेऊन इथं येते.”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती आलीच, विशीतली, घाईघाईनं, पदर खोचलेली. ओट्याच्या कडेला तिनं चपला काढल्या. बायकांनी तिच्यासाठी मधली जागा करून दिली, आणि ती त्यांच्यात बसली.